काकाचा अंगठा

१२ जानेवारी

आज माझ्या बालकेंद्रात एकतीस मुलं. एकही गैरहजर नाही, म्हणून काळजी वाटते. सगळं सुरळीत चाललं की मला झोप येत नाही. वॉर्डातली जुनी खोड.

नर्सच्या नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी दिवस संपताना काही लिहिलं नाही तर पाळी कुणाच्या हाती सोपवल्यासारखी वाटत नाही. म्हणून ही वही. हिच्यात मी खोटं लिहिणार नाही, कारण वाचणारी मीच.

मुलं सकाळी येतात. कुणाची आई गेली, कुणाचा बाप दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत गेला तो गेलाच, कुणाला फक्त आजी आणि आजीला दिसत नाही. एनेलेसी मका, सोयाबीन आणि शेंगदाण्याच्या पिठाची पेज शिजवते. मुलं जेवतात, आंब्याखाली खेळतात, आकडे म्हणतात आणि दुपारी घरी जातात. मार्चमध्ये नवा मका येईपर्यंत कित्येकांचं दिवसातलं खरं जेवण ते हेच. समाजकल्याणच्या बाई बजावून गेल्यात, वीसच्या खाली मुलं आली तर पिठाची पोती दुसऱ्या गावाला जातील. ही टांगती तलवार.

माझ्याकडे राहते ती एकटी फालेसी. वय पाच की सहा, कागदावर पाच. आई सरोवराकाठी वारली. नोव्हेंबरात बापाचा थोरला भाऊ तिला घेऊन आला, तिला माझ्या स्वाधीन केल्याच्या कागदावर अंगठा उठवला आणि मागे न बघता गेला. आईसारखीच तिलाही एचआयव्ही. मिशनची घंटा सकाळी वाजते तेव्हा एक गोळी, संध्याकाळी वाजते तेव्हा एक. दार लावून देते, गावाला कळायला नको. एकही वेळ चुकलेली नाही. मुलगी मात्र बोलत नाही. 'हो' म्हणायलाही मानच हलवते.

पावसाने पलंगाच्या कोपऱ्यात पुन्हा गळायला लागलं. पातेलं ठेवलंय.

१७ जानेवारी

एक माणूस आला. मागच्या बैठकीला लाल गादी लावलेली, भाड्याने माणसं नेतात तशी सायकल, पायात टायरच्या चपला. आंब्याखाली उकिडवा बसला. म्हणाला, मी लेविसन, फालेसीच्या आईचा भाऊ. लांब तंबाखूच्या मळ्यात होतो, बहीण गेल्याचं फार उशिरा कळलं. आता इथल्या बाजाराजवळ खोली घेतली आहे.

म्हणजे मामा.  घरात जाऊन कागद आणला आणि काकाचा अंगठा दाखवला. त्याने कागद उलटा धरला, मग सरळ धरला, मग परत दिला.  मुलीला लांबून पाहू दिलं.

घंटा व्हायच्या सुमाराला पेलाभर पाणी मागितलं. दिलं, तर पेला घेऊन पाठ फिरवून भिंतीआड गेला. पाणी देणाऱ्या बाईकडे पाठ करून प्यायचं, ही कुठली रीत? खिशात काहीतरी चाचपत होता. तपकीर असावी.

२१ जानेवारी

सव्वीस मुलं. एनेलेसीला विचारलं, पाच कुठे गेली. ती म्हणाली, "येतील, नाहीतर नाही येणार," आणि पेज ढवळायला लागली. सहा वर्षं माझ्याकडे आहे ही बाई. तिच्या पोटातलं काढायचं तर सांडशी लागते.

२४ जानेवारी

लेविसन पुन्हा आला. केळीच्या पानात सुकट आणली, छोटी चंदेरी मासळी. मी पान उघडून हुंगलं, एक मासळी मोडून पाहिली. तो बघत होता. बघू दे. फालेसी माझ्याकडे मासळीला तोंड लावत नाही. त्याच्या तळहातावरची तिने सगळी वेचून खाल्ली.

गोळ्यांचं त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर दोनच गोष्टी होतील, एक तर गावभर करेल नाहीतर तिला घेऊन जाऊन गोळ्या बंद करेल. असले मामा मी वॉर्डात पाहिलेत. पोराला मंतरलेला दोरा बांधतात आणि तीन महिन्यांनी झोळीत घालून परत आणतात.

संध्याकाळी घंटेच्या सुमाराला मी तिला आत न्यायला उठणार, एवढ्यात तोच म्हणाला, "सिस्टर, तिला आत न्या आता." माझ्याच अंगणात मला हुकूम. चोर तो चोर, वर शिरजोर.

मामा या नात्याशी माझं वाकडं आहे, हे इथे लिहूनच टाकते. आम्ही उत्तरेकडचे तुंबुका. आमच्यात मूल बापाच्या घराचं. इथे चेवांमध्ये मूल आईच्या माहेरचं, आणि माहेर म्हणजे मामा. पुरुष मेला की त्याच्या वस्तूंवर हक्क बहिणीच्या मुलांचा. माझे यजमान इथलेच. ते गेले त्याच्या नवव्या दिवशी त्यांचे भाचे आले आणि घराचं दार, पत्रे, माझं शिवणयंत्रसुद्धा घेऊन गेले. मी अंगणात उभी होते, वर आभाळ. बारा वर्षं झाली. मूलबाळ नाही, भाऊ तिकडे उत्तरेत, रुंफीला, तोही पत्राला उत्तर देत नाही. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, तशी मी मामा म्हटलं की फुंकर मारते.

३० जानेवारी

एकोणीस. वीसच्या खाली.

नक्की पीठ कडवट झालंय. या दमट हवेत सोयाबीन खवट होतं. दोन्ही पोती उन्हात पसरली, चाळली, चाखली. मला तरी कडू लागलं नाही, पण लहान मुलांची जीभ वेगळी. एनेलेसी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"पीठ चांगलं आहे, सिस्टर."

"मग मुलं का येत नाहीत?"

"एका डोक्यावर छप्पर पेलत नाही," ती म्हणाली.

इथली ही म्हण उठता-बसता ऐकू येते. गवताचं छप्पर खाली बांधून दहाजण डोक्यावर घेतात आणि भिंतींवर चढवतात, त्यावरून पडलेली. पण मी पिठाविषयी विचारत होते. उद्यापासून पेजेत चमचाभर साखर जास्त.

४ फेब्रुवारी

साखरेने फरक पडला नाही. आज घरोघर गेले. सगळ्यांनी चटई टाकली, सगळ्यांनी पाणी दिलं, सगळ्यांनी पीक कसं आहे ते सांगितलं. मुलाला का पाठवत नाही म्हटलं की एकच उत्तर, "माझ्या भावाला विचारते." शेवटच्या घरीही तेच. या महिन्यात गावातले सगळे भाऊ एकदम एवढे महत्त्वाचे कसे झाले, कळत नाही. गेल्या वर्षी कुणी भावाला विचारलं नव्हतं.

त्याच घरी धाकट्याचे पाय सुजलेले पाहिले. बोटाने दाबलं, खड्डा तसाच राहिला. केस तांबूस झालेत. तीन आठवड्यांपूर्वी तो माझ्याकडे दोन वाट्या पेज पीत होता. मी आईला म्हटलं, माझ्यावरचा राग पोरावर काढू नकोस. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "राग नाही, सिस्टर. भीती वाटते."

कसली भीती, ते मी विचारलंच नाही. मला रडू येत होतं, म्हणून उठले.

७ फेब्रुवारी

आज दारातच अडवलं त्याला. स्पष्ट सांगितलं की मुलीला मी सोडणार नाही, तिला सांभाळायला ज्ञान लागतं, कागद माझ्याकडे आहे आणि दर शनिवारी येऊन काही उपयोग नाही. आवाज चढला माझा. आंब्याखालची मुलं खेळ सोडून बघायला लागली.

तो सायकलच्या दांडीवर हात ठेवून उभा राहिला.  मग म्हणाला, "सिस्टर, मी तिला न्यायला आलोच नाही. मला विचारायला कुणी आलं नाही, म्हणून मीच येतोय."

कोडं घालतात ही माणसं. मी दार लावून घेतलं. फालेसी आतल्या भिंतीला पाठ लावून उभी होती. रडली नाही. मी गोळी दिली तेव्हा तिने ती गालात धरली आणि बराच वेळ गिळली नाही. मी घशावर बोट फिरवून गिळायला लावली. असं आजवर कधी करावं लागलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

बारा मुलं. समाजकल्याणच्या बाईंचा निरोप आला, सत्तावीस तारखेला पाहणीला येतात.

केंद्र बंद झालं तर बारा जणांचीही पेज बंद. मी देवाला म्हटलं, माझं जे काही चुकलं असेल ते मला सरळ सांग, आडून सांगू नकोस, मला आडून कळत नाही.

१४ फेब्रुवारी

पायांचा चिखल धुऊन लिहायला बसले.

आज शनिवार. दुपारी मिशनला औषधांसाठी गेले होते. परतायला उशीर झाला. घरात फालेसी नाही. मांडणीवरचा तिचा गोळ्यांचा डबाही नाही. एनेलेसीही नाही.  नेली, असं मोठ्याने म्हणाले. चिखलातून बाजाराकडे पळत सुटले, अठ्ठावन्नाव्या वर्षी. एक चप्पल ओढ्याजवळ रुतून राहिली. वाटेत घंटा सुरू झाली. तिची गोळीची वेळ, आणि मुलगी जवळ नाही. प्रत्येक ठोका छातीत बसत होता.

बाजारामागे त्याची खोली. दाराबाहेर भिंतीला टेकवलेली सायकल, लाल गादी. मी कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

उंबऱ्यावर ती दोघं बसलेली. समोर दोन पेले पाणी. फालेसीच्या मांडीवर तिचा डबा. त्याने खिशातून एक बाटली काढली, झाकण उघडलं, आतून कापसाचा बोळा काढून उंबऱ्यावर ठेवला आणि एक गोळी हातावर घेतली. तिनेही तिची घेतली. तो म्हणाला, "मोज." आणि ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. आवाज घोगरा, पण स्वच्छ. तीनला दोघांनी एकदम गोळी टाकली, पाणी प्यायले आणि जिभा बाहेर काढून एकमेकांना दाखवल्या. ती हसली.

तीन महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

बाटली खिशात वाजू नये म्हणून कापूस. लोकांना कळू नये म्हणून. ही युक्ती रुग्णांना कोण शिकवायचं? मीच. वर्षानुवर्षं खिडकीतून बाटली हातात देताना मीच सांगत आले की थोडा कापूस घाला. आणि याच्या खिशात मला तपकीर दिसली.

एनेलेसी आतून आली. मला चिखलात एका चपलेवर उभी पाहिलं आणि म्हणाली, "मीच आणलं तिला. डबाही मीच घेतला. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा."

मी ओरडले नाही. भिंतीला टेकून खाली बसले.

१५ फेब्रुवारी

शरमेने पोळल्यासारखं होतंय. काल त्याला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? तो म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत. आणि अंगणात मुलं होती." बहिणीला गोळ्यांच्या रांगेत पहिल्यांदा त्यानेच उभं केलं होतं. तो मळ्यावर गेल्यावर तिने गोळ्या सोडल्या. एवढं सांगून तो सायकलची साखळी पुसायला लागला.

वाटभर एनेलेसीने माझे कान टोचले. इतके दिवस का गप्प होतीस म्हटलं, तर म्हणाली, सांगत होते, तुम्ही पीठ चाळत होतात.

"कागदावर अंगठा कुणाचा? काकाचा," ती म्हणाली. "काका इथे कोण, सिस्टर? परका माणूस. शेजाऱ्याची शेळी तुमच्या दावणीला बांधून गेला आणि तुम्ही पावती घेतलीत. खरा मालक येऊन आंब्याखाली बसला तर त्याला पावती दाखवलीत. बायका म्हणतात, हिने एका मामाला डावलून पोर ठेवून घेतलं, उद्या आपलंही ठेवेल. वर परत कागद दाखवेल."

म्हणून भीती. म्हणून सगळ्यांचे भाऊ. सुजलेले पाय माझ्या त्या कागदामुळे.

मला इथली रीत ठाऊक नव्हती असं नाही. ठाऊक होती. मानायची नव्हती.

१८ फेब्रुवारी

नाचिसाले आजींकडे गेले. गावच्या प्रमुख त्या, दात दोन आणि नजर घारीची. सगळं सांगितलं, गोळ्यांचं सोडून. म्हणाल्या, "रविवारी बैठक भरव. कोंबडी घेऊन ये आणि मुलीच्या मामाकडे रीतसर माग. पण तुझ्या वतीने बोलणार कोण?"

मी म्हटलं, मीच बोलेन. आजी हसल्या. "बाई स्वतःसाठी बोलली तर ते भांडण होतं. तिचा मामा नाहीतर भाऊ बोलला तर ते बोलणं होतं. बावीस वर्षं आमच्यात आहेस, तुझं माणूस कोण?"

 लग्नात बोलायला उत्तरेचे दोन मामा आले होते, दोघेही मातीत गेले. घरी येताना हिशेब केला, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ मी कापली आहे, आणि बैठकीत माझ्या शेजारी बसेल असं एक माणूस मला सुचत नाही.

बोलणारा नाही तर बैठक नाही. बैठक नाही तर मुलं नाहीत. आज अकरा.

२२ फेब्रुवारी

जशी झाली तशी लिहिते.

मी कोंबडी घेऊन एकटीच गेले. आजींच्या अंगणात अर्धं गाव. लेविसन त्याच्या एका म्हाताऱ्या नातलगाबरोबर चटईवर. मी समोर जमिनीवर बसले, मागणाऱ्याची जागा तीच. कोंबडी मांडीवर धडपडत होती. आजींनी विचारलं, "हिच्या बाजूने कोण?"

कुणी हललं नाही. मी नखं बघत राहिले. बारा वर्षांपूर्वी अंगणात उभी होते तेव्हाही असंच गप्प होतं सगळं.

मग मागे चटईचा आवाज झाला. एनेलेसीचा थोरला भाऊ उठून पुढे आला. विहिरी खणतो, आजवर माझ्याशी चार शब्द बोललेला नाही. माझ्या मांडीवरची कोंबडी उचलून त्याने काखेत मारली आणि शेजारी बसला.

"मी," तो म्हणाला. "माझ्या आईच्या पोटची एनेलेसी धाकटी. ही थोरली. तिला इथली रीत शिकवायची राहिली, ती चूक आमच्या घराची. दंड लावायचा तर आम्हाला लावा."

आजी म्हणाल्या, "बावीस वर्षं कुठे होतास?"

"झोपलो होतो," तो म्हणाला. लोक हसले. मला हसू आलं नाही. कमरेच्या कापडाचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

पुढचं बोलणं माझ्या डोक्यावरून चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं. ठरलं ते असं. फालेसी मामाकडे राहील. सकाळी तो तिला सायकलवरून केंद्रात सोडेल. तापलं, खोकलं तर माझा शब्द शेवटचा. कोंबडी स्वीकारली गेली. तो कागद मी बरोबर नेला होता, आजींसमोर फाडायचा म्हणून. लेविसनने हात पुढे केला. "फाडू नका. त्याच्यावर तिची जन्मतारीख आहे ना? मला ती ठाऊक नाही."

मी वाचून दाखवली. त्याने दोनदा माझ्यामागून म्हटली.

फालेसीचं बोचकं बांधलं. दोन झगे, चमचा, एक डबा. डब्यात मी कापूस घातला. ती मागच्या लाल गादीवर बसली, मामाचा सदरा मुठीत धरला आणि मला म्हणाली, "उद्या येते." मला उद्देशून पहिला शब्द तिने काढला तो जाताना. मला फार लागलं ते, आणि लागायचा हक्क मला नाही, हेही कळलं.

२३ फेब्रुवारी

संध्याकाळी घंटेला हात आपोआप मांडणीकडे गेला. तिथे काही नाही. विसरला तर? ओढ्याला पाणी असेल आणि घरी पोचायला उशीर झाला तर? सकाळी तिला जीभ दाखवायला लावली. जिभेवरून काही कळत नाही हे मला माहीत आहे.

२७ फेब्रुवारी

बाई आल्या. चोवीस मुलं. सुजलेल्या पायांचा पोरगाही, त्याच्या मामाच्या खांद्यावर. जूनपर्यंत पोती चालू. बाई म्हणाल्या, मध्ये आकडा एवढा का पडला होता? मी म्हटलं, माझ्यामुळे. त्यांनी 'आजारपण' लिहिलं.

१ मार्च

आज एनेलेसीचा भाऊ न विचारता आला, घरात शिरला, पलंगाच्या कोपऱ्यातलं पातेलं पाहिलं आणि वर पाहिलं. मी म्हटलं, राहू दे, चालतंय माझं.

"चालत असेल," तो म्हणाला. "बहिणीच्या घरात पातेलं ठेवावं लागलं तर लोक भावाला हसतात, ताई."

बारा वर्षांत घरात शिरून कुणी वर पाहिलं नव्हतं.

दुपारी आठजण आले. कुजलेलं गवत खाली ओढलं, अंगणात नवं छप्पर बांधलं आणि डोक्यांवर घेऊन उचललं. लेविसनही होता त्यात, घंटेच्या आत घर गाठायचं म्हणून उजेड असताना निघून गेला. एनेलेसी भल्या मोठ्या पातेल्यात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, घोटत होती आणि भावाला खालून शिव्या देत होती, डावीकडे वाकडं होतंय म्हणून. मी वर दोरीची भेंडोळी फेकत होते, बहुतेक चुकीच्या माणसाकडे. एवढा गोंगाट की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं.

सगळे जेवायला बसले तेव्हा उजेड गेला होता. मी दचकून मिशनकडे पाहिलं आणि एनेलेसीला विचारलं, घंटा व्हायची आहे ना अजून?

ती म्हणाली, कधीच झाली.